200 तास थांबू नका, आधी प्लस-मायनस बघा

तुम्ही लिहिलंय की नवी स्पीकर केबल जोडल्यापासून बास गेला, आवाज पातळ झाला, आणि गायिका मधोमध न बसता खोलीभर पसरल्यासारखी वाटते. दुकानदार म्हणतो, 200 तास वाजू द्या, केबल रुळेल.

अहो, वाजू देऊ नका. आधी अँप बंद करा. ही लक्षणं केबल नवी असल्याची नाहीत, एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागल्याची आहेत. दोन्ही वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारे मोठे पडदे, एकाच वेळी बाहेर यायला हवेत. एक बाहेर आणि दुसरा आत गेला की खालचे सूर हवेतच एकमेकांना मारतात. डग्गा पहिला जातो. पारदर्शक केबलमध्ये दोन्ही तारा सारख्याच दिसतात, पण एकीच्या आवरणावर रेघ, छपाई नाहीतर बारीक उंचवटा असतो. तीच तार दोन्ही टोकांना लाल टर्मिनलवर हवी. तरी शंका राहिली तर केबल अँपपासून सोडवा आणि 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचं प्लस लाल बाजूच्या तारेला लावल्यावर वूफरचा पडदा सहसा बाहेर येतो. तुमच्या दोन्ही स्पीकरांत तो एकाच दिशेला हलला म्हणजे झालं.

आता रुळण्याबद्दल. लोणचं मुरतं, तांबं मुरत नाही. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध मीटरला साधारण 7 मिलिओहम. 4 मीटर केबल, जाऊन-येऊन 8 मीटर, म्हणजे 0.06 ओहमच्याही आत. समोर 8 ओहमचा स्पीकर, त्यापुढे हे काहीच नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की तांब्याचा रोध जवळपास 4 टक्के वाढतो. एसी बंद केल्यावर केबल बदलली असं कोणी म्हणतं का? स्पीकरचं वेगळं आहे. त्यातलं पडद्याच्या कडेचं रबर आणि स्पायडर (पडद्याला मागून धरून ठेवणारी लवचीक चकती) सुरुवातीच्या वापरात थोडे सैल होतात, ते मोजताही येतं. केबलच्या बाबतीत रुळतात ते आपले कान. शिवाय जुनी वायर काढून नवी लावताना टर्मिनल घासलं जातं, त्याचं श्रेय केबल खाते.

मुंबईत केबल बदलते, पण वाईटाकडे. खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा उघड्या तांब्याला काळं-हिरवं करतो. समुद्राजवळ राहत असाल तर लवकरच. दरवर्षी पावसाळा सरला की काळवंडलेलं टोक कापून नवं सोला, किंवा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून बनाना प्लग (तारेच्या टोकाला लावून टर्मिनलमध्ये खोचायची पिन) आणून घट्ट बसवा. स्वस्त केबल असेल तर एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम आहे, रोध दीडपटीच्या आसपास. तेवढ्यानेही बास जात नाही, पण तांब्याचे पैसे मोजले असतील तर भांडायला हरकत नाही.

प्लस-मायनस बरोबर असूनही आवाज तसाच राहिला तर जुनी केबल लावून पडताळा, आणि हे परतीची मुदत संपण्याआधी करा. रोज दोन तास ऐकलं तरी 200 तासांना तीन महिन्यांहून जास्त लागतात. दुकानदाराला हा हिशेब चांगला ठाऊक असतो.