लो-प्रोफाइल वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड घेताय? मग स्विचच्या रंगाआधी उजवी शिफ्ट बघा

भाऊ, तुमचा प्रश्न मी असा समजलो: चोपड्याला राहता, दिवसभर डीटीपी आणि बातम्यांचं मराठी टायपिंग, तेही इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड लेआउट), रात्री दोन तास व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम, टेबल छोटं, बजेट दहा हजारांच्या आसपास, आणि कीक्रॉन के३, नुफाय एअर७५ आणि लॉजिटेक एमएक्स मेकॅनिकल मिनी या तीन लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या कीच्या कीबोर्डांत अडकलाय. वर लाल स्विच (प्रत्येक कीखालचं बटण, रंगावरून प्रकार कळतो) की तपकिरी हाही प्रश्न. आधी चौघांनी चार रंग सांगून झालेत, पण तुम्ही मराठी टाइप करता हे कोणी धरलेलंच नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय तिथेच आहे.

जरा बोटं डोळ्यासमोर आणा. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ख, थ, ध, भ, श, ळ हे सगळे शिफ्ट धरून येतात, पण ते उजव्या हाताचे, म्हणजे शिफ्ट डावी. डावी शिफ्ट सगळ्याच कीबोर्डवर मोठी असते, तिचं काही टेन्शन नाही. पण अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए हे शब्दाच्या सुरुवातीचे स्वर डाव्या हाताने शिफ्टसकट, आणि त्यात ण पण, कारण ण हा सी वर शिफ्ट धरून. यांना शिफ्ट लागते ती उजवी. आता "आणि" हा एक शब्द घ्या, त्यात आ आणि ण दोन्ही आले, एका शब्दात दोनदा उजवी शिफ्ट. आई, आता, आहे, पण, कोण, म्हणून, असं म्हणता म्हणता एका बातमीत किती वेळा करंगळी तिकडे जाते बघा. इंग्रजी टाइप करणाऱ्याला कॅपिटल अक्षर वाक्यात एखादं, त्यामुळे इंग्रजी रिव्ह्यूवाले या गोष्टीवर एक वाक्य बोलून पुढे जातात, त्यांचं काही चुकत नाही, त्यांना गरजच नाही.

आणि नेमकी हीच की कॉम्पॅक्टवाले कापतात. फुल साइज किंवा टीकेएलवर (फक्त नंबरपॅड नसलेला) उजवी शिफ्ट साध्या कीच्या पावणेतीनपट रुंद असते. ७५ टक्के आणि ६५ टक्केवाल्यात, म्हणजे त्याहून आखूड कीबोर्डांत, ती पावणेदोनपट होते आणि तिला चिकटून वरचा बाण येतो. ६४ कीवाले जे छोटे पीस असतात, बाणासकट ६० टक्के म्हणून विकतात ते, त्यातल्या बऱ्याच पीसमध्ये ती एका कीएवढीच उरते. मग होतं काय, करंगळी सवयीने जिथे पडायची तिथे पडते, शिफ्टऐवजी बाण दाबला जातो, कर्सर टुणकन वरच्या ओळीत जातो आणि तुमचा "आ" तिथे मात्रा होऊन कुठल्यातरी भलत्याच शब्दाला चिकटतो, आणि मजा म्हणजे ते लगेच दिसतही नाही, प्रूफ काढल्यावर दिसतं.

याला दोन उपाय. एक, ६० आणि ६४ कीवाले डोक्यातून काढून टाका, कितीही गोंडस दिसले तरी. दोन, ७५ टक्केच घ्यायचा असेल तर क्यूएमके-व्हीआयएवर चालणारा घ्या, म्हणजे की बदलता येतात. त्यात वरच्या बाणाला असं सेट करता येतं की टॅप केलं तर बाण, धरून ठेवलं तर शिफ्ट. व्हीआयएमध्ये "एनी" नावाची की असते तिथे त्यासाठीचा कोड टाकायचा. फक्त हे धरून ठेवणं ओळखायला मूळ सेटिंग २०० मिलिसेकंदाचं असतं, त्यामुळे फास्ट टाइप करणाऱ्याला आधी थोडं अडखळल्यासारखं होईल, आठवडाभरात बसतं किंवा मग वैताग येऊन काढून टाकता. काढलं तरी तोवर करंगळीला नवी जागा कळलेली असते. तुम्ही इन्स्क्रिप्ट सोडून विंडोजचा मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी) वापरत असता तर मी हा एवढा कीस काढलाच नसता, पण डीटीपीतला माणूस हात बदलत नाही हे माहिती आहे.

आता तुमच्या तिघांवर येतो.

लॉजिटेकचा मिनी टायपिंगला खरंच छान आहे, बॅटरी चांगली, बांधणी दणकट. पण त्याचे स्विच सोल्डर केलेले आहेत, एक बिघडला तर तुम्हाला बदलता येत नाही, आणि त्याचा बोल्ट डोंगल (पीसीला लावायचा छोटा यूएसबी रिसीव्हर) ऑफिससाठीचा आहे, गेमिंगचा नाही. लॉजिटेकमध्येच गेमिंगचा पाहिजे तर जी९१५ टीकेएल, लाइटस्पीड डोंगल एक मिलिसेकंदवाला, उजवी शिफ्ट पूर्ण, पण तो तुमच्या बजेटच्या पार पलीकडे जातो. म्हणून मिनी बाद, गेम खेळत नसता तर पहिला तोच सांगितला असता.

के३ म्हणताना नीट बघा, कारण के३ नावाचे निरनिराळे कीबोर्ड आहेत. साधा के३ आणि के३ प्रो या दोघांत ब्लूटूथ आणि वायर एवढंच, २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल नाही. डोंगल आहे तो के३ मॅक्समध्ये. साइटवर फोटो सारखेच दिसतात, किमतीत फरक दिसतो आणि माणूस स्वस्तवाला उचलतो. शिवाय काही के३ ऑप्टिकल (प्रकाशावर चालणाऱ्या) स्विचवाले आहेत, त्यात मेकॅनिकल स्विच बसत नाहीत, आणि काही हॉट-स्वॅप, म्हणजे सोल्डरिंगशिवाय स्विच बदलता येणारे, आहेत काही नाहीत. बॉक्सवरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

डोंगल एवढा का पाहिजे, तर ब्लूटूथवर कीबोर्ड सेकंदाला साधारण ९० ते १२५ वेळा आपली खबर देतो, म्हणजे एका की-प्रेसला आठ ते अकरा मिलिसेकंद वाट बघावी लागू शकते. डोंगलवर किंवा वायरवर हेच १००० वेळा, म्हणजे एक मिलिसेकंद. टायपिंगला तुम्हाला हा फरक जाणवणार नाही, शपथेवर सांगतो. पण व्हॅलोरंटमध्ये ए (डावीकडे) सोडून डी (उजवीकडे) टचकन मारून थांबायचं आणि मग गोळी, तिथे तो फरक आणि त्यापेक्षाही ब्लूटूथचा मधेच होणारा अडखळा नडतो. आणि ब्लूटूथवाला कीबोर्ड काही मिनिटं हात लावला नाही की झोपतो, उठताना पहिलं अक्षर खातो. फोनला, टॅबला ब्लूटूथ, पीसीला डोंगल, असं वाटून घ्या.

डोंगल पीसीच्या मागे लोखंडी कॅबिनेटला खुपसू नका, आणि निळ्या यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी तर अजिबात नको, पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क चालू असताना यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर सांडतो आणि की चुकतात. साधी एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल टेबलावर आणा. निम्म्या "कीबोर्ड खराब निघाला" तक्रारी इथेच मिटतात.

नुफाय एअर७५ व्ही२ मध्ये हे सगळं आहे, डोंगल १००० हर्ट्झ, क्यूएमके-व्हीआयए, हॉट-स्वॅप, बॅटरी ४००० एमएएच, के३ मॅक्सची १५५० आहे. कागदावर तोच पुढे. टायपिंगचा आवाजही मला त्याचा जास्त आवडतो. पण बाहेरून मागवला तर ड्युटी आणि जीएसटी धरून तो दहात बसणं अवघड, आणि काही झालं तर परत पाठवायचा कुठे हा प्रश्न. इथल्या विक्रेत्याकडे बिल आणि वॉरंटीसकट मिळाला तर डोळे झाकून घ्या. लोफ्री फ्लो हा आणखी एक लो-प्रोफाइल कीबोर्ड कोणीतरी वर सुचवलाय, दिसायला एक नंबर, पण त्याच्या पहिल्या मॉडेलला डोंगल नाही, तुमच्या कामाचा नाही.

स्विचचं आता, रंगावर भांडू नका. साध्या मेकॅनिकल कीला खाली जायला चार मिलिमीटर असतात आणि दोनवर ती लागते, लो-प्रोफाइलमध्ये एकूण तीनच्या आसपास आणि दीड-पावणेदोनवर लागते. म्हणजे लवकर लागते आणि लवकर तळाला आपटते. मी तुम्हाला लाल, म्हणजे अडथळ्याशिवाय सरळ खाली जाणारा, सांगेन, कारण परत तीच करंगळी, दिवसभर शिफ्ट धरायची तर स्प्रिंग हलकी बरी. मधे हलका अडथळा लागणारा तपकिरी त्यांना, ज्यांची बोटं कीवर नुसती टेकली तरी अक्षर उमटतं. निळा नको, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, घरचे गच्चीवर झोपलेले असतात, रात्री एक वाजता ती टकटक खाली गल्लीपर्यंत जाते. आणि एक लक्षात असू द्या, हॉट-स्वॅप म्हणजे कुठलाही स्विच बसतो असं नाही. के३ मॅक्स आणि एअर७५ व्ही२ दोन्हीत गेटरॉन कंपनीचे लो-प्रोफाइलच बसतात, साधे उंच स्विच किंवा कैल या दुसऱ्या कंपनीचे चॉक नावाचे स्विच बसत नाहीत. कीकॅपची (कीवरच्या टोपणाची) खाच नेहमीच्या प्लस आकाराचीच असते म्हणून बाहेरच्या उंच कीकॅप बसतात खऱ्या, पण मग लो-प्रोफाइल घेऊन फायदा काय.

रॅपिड ट्रिगर, हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणारे, बोट जरा उचललं की की सोडणारे स्विच) हे जे चाललंय त्याच्या नादी या बजेटात लागू नका. काउंटर-स्ट्राइक २ या गेममध्ये तर तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्येच अशा कीबोर्डांत मिळणारी, दोन की एकमेकींना आपोआप सोडवणारी फीचर आपल्या सर्व्हरवर बंद केली. आरजीबीबद्दल, म्हणजे कीखालच्या रंगीत दिव्यांबद्दल, एवढंच, बॅटरी सगळ्यात जास्त तीच खाते.

बॅटरीवरून आठवलं, हे पुण्यामुंबईचे लोक सांगणार नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, चोपडा काही वेगळा नाही, आणि पत्र्याची खोली असेल तर आत त्याहून जास्त. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते आणि ४५ च्या वर चार्जिंग तर करूच नये. दुपारी चार्जिंगला लावू नका, सकाळी लावा. दारात उभ्या गाडीत कीबोर्ड ठेवून लग्नाला जेवायला जाऊ नका. लॅपटॉपच्या गरम हवेच्या तोंडासमोर ठेवू नका. महिनाभर वापरणार नसाल तर निम्मी चार्ज करून बंद करून ठेवा. आणि कूलरचा झोत थेट कीबोर्डवर नको, ती ओली हवा आणि आपली धूळ मिळून स्विचमध्ये चिखल करतात. लो-प्रोफाइलच्या की वर तरंगल्यासारख्या असतात, खालची धूळ ब्लोअरने उडते हा फायदा, पण शेव-मुरमुरे खात टाइप करणाऱ्याला तोही वाचवू शकत नाही. घामाच्या हाताला कीकॅप पीबीटी प्लास्टिकच्या बघा, एबीएस प्लास्टिकच्या लवकर चकाकतात.

अजून एक, हे विंडोजचं, पण तुम्हाला नक्की छळणार. व्हॅलोरंटमध्ये चालायला शिफ्ट, बसायला कंट्रोल. विंडोजमध्ये मराठी टाकलेलं असेल तर डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली की भाषा बदलते, कंट्रोल-शिफ्टने कीबोर्ड लेआउट. ऐन राउंडमध्ये भाषा मराठी होते आणि चॅटमध्ये डब्ल्यू-ए-एस-डी च्या जागी नुसत्या मात्रा आणि हलंत पडतात, टीमवाले विचारतात हा कुठला कोड. सेटिंगमध्ये टायपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्डमध्ये जाऊन इनपुट लँग्वेज हॉट-कीज मध्ये दोन्ही "नॉट असाइन्ड" करा. भाषा बदलायला विंडोज की आणि स्पेस राहतेच.

घेताना जळगावला गोलाणी मार्केटला चक्कर मारा, लो-प्रोफाइल डिस्प्लेला असेलच असं नाही, पण ७५ टक्के लेआउटचा कुठला ना कुठला कीबोर्ड असतोच, नोटपॅड उघडून "आणि" आणि "पण" असलेली चार वाक्यं न बघता टाइप करून बघा, करंगळी किती वेळा बाणावर जाते ते मोजा. देवनागरी अक्षरं या कीबोर्डवर छापलेली नसतात, आणि वरून स्टिकर लावलं की खालचा उजेड बंद. कीक्रॉनच्या बॉक्समध्ये बसवलेल्या कीकॅप मॅकच्या असतात, विंडोजच्या सुट्ट्या मिळतात, त्या बदला आणि बाजूचं बटण विंडोजवर करा, नाहीतर ऑल्टच्या जागी भलतंच होतं आणि लोक कीबोर्ड परत करतात.

एअर७५ व्ही२ इथे मिळाला नाही तर माझं मत के३ मॅक्स, पण करंगळी फारच चुकली तर ते बदलतं. मग के३ मॅक्स नको, कीक्रॉनचाच के१ मॅक्स बघा, तोही लो-प्रोफाइल, डोंगल तोच, पण टीकेएल, उजवी शिफ्ट पूर्ण पावणेतीनची. रुंदीला साधारण चार-पाच सेंटीमीटर जास्त, बस. माउस हलवायला जागा उरते का ते टेबलावर टेप लावून मोजा आणि इथे आकडा टाका, डेस्कटॉप आहे की लॅपटॉप तेही लिहा, डोंगल कुठल्या पोर्टला लावायचा ते मग सांगतो.