अर्ज भरण्याआधी स्वतःला गुण दे

अगं, कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत) नर्सिंगला जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. म्हणून आधी प्रत्येक कॉलेजचा प्रवेशासाठीच्या गुणांकनाचा तक्ता उतरवून घे आणि त्यात तू कुठे बसतेस ते बघ.

खरा कस लागतो तो अर्जाआधी घ्यायच्या अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजीत. तिन्ही एकाच सेमिस्टरला घेऊ नकोस. घाईत 'सी' ग्रेड आला तर गुण वाढवायला तो विषय सहसा पुन्हा घेता येत नाही. 'डी' आला तर येतो! (अजब आहे, पण नियम तसाच आहे.) भारतातली बीएस्सी असेल तर तिचं मूल्यांकन आत्ताच सुरू कर, विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट निघायला वेळ लागतो. काही कॉलेजांना सायन्सचे विषय अलीकडच्या वर्षांतलेच चालतात.

टीज (TEAS) या नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत ६२ टक्के म्हणजे नुसता उंबरठा. माझ्या मते ८० च्या वरच नजर ठेव, आणि जास्त वेळ सायन्सला दे.

सीएनएचं (म्हणजे प्रमाणित नर्सिंग सहाय्यकाचं) काम आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा यांनाही बऱ्याच ठिकाणी गुण असतात. मराठी चालते का, ते काउन्सेलरला बेधडक विचार. काही कॉलेजं मात्र लॉटरी काढतात, तिथेही अर्ज टाकून ठेव.