पदव्युत्तर अभ्यासासाठी ग्राफिक डिझाइनची संस्था निवडताना

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची संस्थांची यादी मिळाली. यादी क्रमवारीवरून उतरवलेली आहे हे पहिल्या काही नावांवरूनच कळते. पदवीच्या पातळीवर क्रमवारीचा थोडाफार उपयोग होतही असेल. परंतु ग्राफिक डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणात एकाच पदवीच्या नावाखाली निरनिराळ्या संस्था इतके वेगवेगळे काम करून घेतात, की त्यांना एका शिडीवर वरखाली बसवण्यात फारसा अर्थ उरत नाही.

अमेरिकेतील क्रॅनब्रुक या कला अकादमीचे पाहा. तेथे ठरावीक तासिका नसतात. विद्यार्थी आपापल्या स्टुडिओत काम करतात, स्वतः काम करणारा एक डिझायनर विभागाची धुरा सांभाळतो आणि बरेचसे शिक्षण एकमेकांच्या कामाच्या चिकित्सेतून घडते. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचा टाइपफेस, म्हणजे छपाईच्या एका घाटाच्या अक्षरांचा संच, घडवण्याचा अभ्यासक्रम याच्या अगदी उलट टोकाला आहे: अक्षरांचा इतिहास, विभागाच्या संग्रहातील जुने नमुने, लॅटिन (रोमन) लिपीखेरीज इतर लिप्यांचा बारकाईने अभ्यास, आणि स्वतःच्या टाइपफेसबरोबरच लिहावा लागणारा प्रबंध. नेदरलँड्समधील आर्नेम येथे कारेल मार्टेन्स आणि विगर बिएर्मा या डिझायनरांनी १९९८ मध्ये सुरू केलेली वेर्कप्लाट्स टिपोग्राफी ही संस्था मुद्दाम लहान ठेवलेली आहे, आणि बाहेरून आलेली प्रत्यक्ष कामे हा तेथील शिक्षणाचाच भाग असतो. जो विद्यार्थी एका ठिकाणी फुलेल तोच दुसऱ्या ठिकाणी गुदमरू शकेल, आणि त्यात दोष ना त्याचा असेल ना संस्थेचा.

म्हणून आधी हे ठरव, की अशी कोणती गोष्ट आहे जिच्यावर तुला दोन वर्षे, नोकरीच्या घाईत शक्य नसलेल्या सवडीने, काम करायचे आहे. वाचनीयता, नकाशे आणि माहितीची मांडणी, एखाद्या लिपीचा टाइपफेस, पुस्तकाची रचना, पडद्यावरची हलती अक्षरे, यांपैकी काहीही चालेल. पण तो प्रश्न तुझा असला पाहिजे. तुला केवळ सॉफ्टवेअरवर हात बसवायचा असेल किंवा पोर्टफोलिओ भरायचा असेल, तर स्पष्टच सांगते की त्यासाठी ही पदवी घेऊ नये. चांगल्या स्टुडिओत, कडक नजरेच्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करून ते अधिक लवकर साधते, आणि वर पगारही मिळतो. दुसऱ्या विषयातून येणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठासारख्या काही संस्था त्यांच्यासाठी एक पूर्वतयारीचे वर्ष धरून तीन वर्षांचा अभ्यासक्रम ठेवतात, आणि ते वर्ष वाया गेले असे मानू नये.

संस्थेचे नाव तेच राहिले तरी आतली संस्था बदलते, याकडे अर्जदारांचे फार दुर्लक्ष होते. येलमध्ये नामवंत ग्राफिक डिझायनर पॉल रँड १९५६ पासून शिकवत होते आणि आधुनिकतावादी शिस्त ही त्या विभागाची ओळख होती. १९९० मध्ये डिझायनर शीला लेव्हरंट द ब्रेटव्हिल यांच्याकडे विभागाची सूत्रे आली, विद्यार्थ्याचा स्वतःचा अनुभव आणि समाजाशी असलेले नाते यांना अभ्यासात महत्त्व मिळाले, आणि हा बदल न पटल्याने रँड तेथून बाहेर पडले. दोघांपैकी बरोबर कोण, हा वाद आजही घालता येईल. परंतु जुन्या कीर्तीवर विसंबून त्या वेळी तेथे गेलेल्या विद्यार्थ्याला अपेक्षेपेक्षा निराळीच संस्था भेटली असणार. म्हणून आज कोण शिकवत आहे, त्यांपैकी पूर्णवेळ किती आणि सत्रातून एकदा येऊन जाणारे किती, आणि ज्यांच्यासाठी तू जाणार ती व्यक्ती पुढल्या वर्षी रजेवर तर नाही ना, हे थेट विचारून घे. असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

सर्वांत खरी माहिती मिळते ती विद्यार्थ्यांच्या अंतिम प्रकल्पांतून. गेल्या दोन-तीन वर्षांचे प्रकल्प मिळव आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा. सगळ्यांच्या कामावर एकाच शिक्षकाच्या हाताची छाप दिसत असेल, तर मी त्या संस्थेपासून दूर राहीन, काम कितीही देखणे असो. येलमध्ये प्रबंध पुस्तकाच्या रूपात सादर होतो. अशी पुस्तके पाहायला मिळाली तर चित्रांवर न थांबता मजकूरही वाच, कारण विद्यार्थ्याला आपल्या कामाबद्दल विचार करायला शिकवले आहे की नाही ते तेथे कळते. शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांशी बोलताना ‘कसे वाटते’ असे मोघम विचारू नकोस. शेवटच्या चिकित्सेत काय बोलले गेले आणि त्यानंतर कामात काय बदलले, एवढेच विचार.

पैशांबद्दल थोडक्यात: डिझायनरच्या सुरुवातीच्या पगारातून मोठे कर्ज फेडणे जड जाते, आणि त्या ओझ्यामुळे जे काम शिकण्यासाठी गेलो तेच नाकारण्याची वेळ येते. शिष्यवृत्ती देणारी कमी नावाजलेली संस्था तुझ्या प्रश्नाला साजेशी असेल, तर मी निःसंकोचपणे तिच्याकडे झुकेन.

आता ती यादी बाजूला ठेव आणि तुझा प्रश्न एका पानात लिहून मला पाठव. त्यानंतर प्रत्येक संस्थेत तो प्रश्न कोणाकडे घेऊन जाता येईल, त्या व्यक्तीचे नाव संस्थेच्या नावापुढे लिही. ज्या संस्थेपुढे नाव लिहिता येणार नाही, तिथे अर्जाचे शुल्क भरू नकोस.

कळावे.