उपग्रहाच्या नकाशात शेत दिसलं नाही, म्हणून वनहक्क दावा गेला का?

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या एका गोंड शेतकऱ्याने विचारलंय: दीड हेक्टर वनजमिनीचा आमचा दावा ग्रामसभेने मान्य केला. पण २००५ सालच्या उपग्रह नकाशात शेती दिसत नाही म्हणून उपविभागीय समितीने तो नाकारला, असं तलाठी तोंडी सांगतात. वनरक्षक म्हणतो, यंदा धान लावू नका. काय करू?

भाऊ, धान लावा. वनहक्क कायदा २००६, कलम ४(५) : दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या जमिनीवरून कुणाला हटवता येत नाही. वनरक्षकाला म्हणा, ‘लेखी द्या.’ मात्र जुन्या बांध्यांपलीकडे (धानाच्या खाचरांपलीकडे) एक झुडूपही तोडू नका, नाहीतर चांगला दावा स्वतःच्या हाताने बिघडेल.

तलाठ्याच्या तोंडी निरोपाला मी नकार मानत नाही. उपविभागीय समिती फक्त शिफारस करते, अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समितीचा. शिफारस नकाराची असेल तर ती कारणांसह तुम्हाला कळवावी लागते. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे लेखी प्रत मागा, अर्जाची पोच घ्या. जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायला ६० दिवस असतात, वर ३० दिवस वाढवून मिळू शकतात. प्रत मिळायला उशीर झाला तरी थांबू नका. मला कळवलंच नाही, हे अपिलात पहिल्याच परिच्छेदात लिहा.

आता नकाशा. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटलंय की उपग्रहाची चित्रं इतर पुराव्यांना जोड म्हणून चालतील, त्यांच्या जागी नाही. समितीला अमुकच कागद हवा असा हट्टही धरता येत नाही. तेव्हा नियम १३ मधले एकाहून जास्त पुरावे जोडा. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब घ्या; दावेदाराचा स्वतःचा जबाब त्यात धरत नाहीत. बांध्यांचे जुने धुरे (बांध), विहीर, सपाटीकरण यांचा पंचनामा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडून करून घ्या. आणि घरातली पत्र्याची पेटी उघडा. अतिक्रमण म्हणून वनखात्याने पूर्वी दंड केला असेल तर ती पावती शोधा. कायद्यानुसार ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा लागतो; पावतीची तारीख त्याआधीची निघाली, तर तुमचा ताबा खुद्द खात्यानेच लिहून दिलाय! पावती नसली तरी केवळ तेवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही.

जिल्हास्तरीय समितीनेही नकार दिला तर? धानोरा अनुसूचित (आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या) क्षेत्रात आहे, त्यामुळे राज्यपालांच्या १८ मे २०२० च्या अधिसूचनेनुसार विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करता येतं. ते नागपूरला.