'अप्रकट उष्मा' आणि विझवलेला चुना

अमळनेरच्या एका शिक्षिकेचे दोन प्रश्न आले आहेत. दहावीच्या विज्ञानात 'अप्रकट उष्मा' आहे, जुन्या लेखनात 'सुप्त उष्णता' दिसते, हिंदीत 'गुप्त ऊष्मा' म्हणतात. यातलं कुठलं घ्यावं? दुसरा प्रश्न त्यांच्या एका विद्यार्थ्याचा. घराला चुना मारण्याआधी गवंडी कळीचा चुना, म्हणजे भट्टीत भाजलेली चुनखडी, पाण्यात विझवतात, तेव्हा पाण्याला उकळी फुटते. चुन्यात दडलेली ही उष्णतासुद्धा अप्रकट उष्माच का म्हणू नये?

ताई, दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. पण आधी पहिला उरकू.

बर्फ वितळत असताना त्याला उष्णता मिळतच असते, तरी सगळा बर्फ संपेपर्यंत तापमापीचा पारा शून्य अंशावरून हलत नाही. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला 80 कॅलरी लागतात. त्याच पाण्याची शंभर अंशाला वाफ व्हायला 540. ही उष्णता तापमानात दिसत नाही म्हणून ती अप्रकट, आणि वाफेचं पुन्हा पाणी झालं की तेवढीच्या तेवढी प्रकट होते. ग्लासगोला शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅकने 1760च्या दशकाच्या सुरुवातीला ही गोष्ट मोजून दाखवली. त्याने वापरलेल्या 'लेटंट' या इंग्रजी शब्दाचा अर्थही दडलेली, न दिसणारी असाच आहे.

'सुप्त उष्णता' चूक नाही, पण मला 'अप्रकट' जास्त पटतो. सुप्त म्हणजे झोपलेलं. सुप्त ज्वालामुखी, सुप्त गुण, इथे तो शब्द शोभतो, कारण तिथे काहीतरी खरंच स्वस्थ पडून असतं. बर्फात शिरलेली उष्णता स्वस्थ पडून नसते. पाण्याच्या रेणूंची एकमेकांवरची पकड सैल करण्यात ती खर्ची पडते, म्हणून तर पारा चढत नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण नवी घागर भरतो. तिच्या अंगातून पाझरणारं पाणी उडून जाताना ग्रॅममागे 580 कॅलरींच्या आसपास उष्णता घेतं आणि त्यातली बरीचशी आतल्या पाण्यातून ओढतं. दहा लिटरच्या घागरीतलं शंभर ग्रॅम पाणी जरी असं उडालं, आणि बाहेरची उष्णता आत आली नाही असं धरलं, तरी बाकीचं पाणी पाचेक अंशांनी उतरायला हवं. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीकडे धावतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा घागरीचं पाणी घशाला गार लागतं ते यामुळेच. एवढं काम करणाऱ्या उष्णतेला झोपलेली कसं म्हणायचं? 'गुप्त'चं थोडक्यात सांगतो: मराठीत गुप्त म्हटलं की कुणीतरी मुद्दाम लपवल्याचा वास येतो. तो हिंदीतच राहू द्यावा.

आता चुना. विद्यार्थ्याला उत्तर द्यायचं तर, नाही, ती अप्रकट उष्मा नव्हे. बर्फ, पाणी आणि वाफ हा एकच पदार्थ. बदलते ती अवस्था. अप्रकट उष्मा हा शब्द अशा अवस्थाबदलापुरता राखलेला आहे. चुना विझवताना मात्र कळीचा चुना आणि पाणी मिळून नवा पदार्थ तयार होतो. तिथे अभिक्रियेची उष्णता म्हणायचं, आणि अभिक्रिया उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर देणारी.

पण त्या पोराने 'दडलेली' हा शब्द वापरला, तो मला सोडवत नाही. चुना विझवताना जवळून पाहिलं असेल तर आठवा. पिंपात पांढरे खडे टाकून पाणी सोडलं की क्षणभर काहीच होत नाही. मग सूं-सूं आवाज येतो, खडे तडकतात, फुगतात, त्यांचा भुगा होतो आणि पिंपातून वाफ उसळते. जाणते गवंडी तेव्हा पोरांना लांब पिटाळतात, कारण एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जायचा. एक किलो शुद्ध कळीच्या चुन्यातून इतकी उष्णता निघते की तिने तीस अंशाचं जवळजवळ चार लिटर पाणी उकळीला यावं. आणि असं सगळं रटरटत असताना आपण म्हणतो काय, तर चुना 'विझवला'! विझतो तो विस्तव. म्हणजे भट्टीतला विस्तव चुन्यात शिरून बसलाय आणि पाण्याने तो शांत होतोय, अशी समजूत या क्रियापदात दिसते. युरोपातही ब्लॅकच्या काळापर्यंत असंच मानत. चुन्याचा दाहकपणा भट्टीतल्या अग्नीतून येतो म्हणत. ते खोडून काढणारा माणूस पुन्हा ब्लॅकच. चुनखडी भाजल्यावर चुन्यात अग्नी शिरत नाही, उलट त्यातून एक वायू, आजचा कार्बन डायऑक्साइड, निघून जातो, हे त्याने 1756 साली छापलं.

अग्नी नावाचा पदार्थ शिरत नाही हे खरं. तरी ऊर्जेचा हिशेब मांडला की बोलीतला शब्द अगदीच वाया गेला असं म्हणवत नाही. चुनखडी भाजणं ही उष्माग्राही, म्हणजे उष्णता घेणारी, अभिक्रिया. एका मोलला, म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम चुनखडीला, साधारण 178 किलोज्यूल लागतात. चुना विझवताना त्यातले 65 परत मिळतात. राहिलेले 113 भिंतीवर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेत पुन्हा चुनखडी होतो, आणि ही उष्णता महिनोन्‌महिने इतकी सावकाश निघते की भिंतीला हात लावून कळत नाही. 65 आणि 113 मिळून बरोबर 178. वाट कुठलीही धरा, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर हिशेब तोच राहतो, हा रसायनशास्त्रज्ञ हेसचा 1840चा नियम. वर्गात तो शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दायी आणि ग्राही यांत मुलं गोंधळतात, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना सुखदायी आणि गुणग्राही हे शब्द आठवायला सांगा. सुखदायी सुख देतो, गुणग्राही दुसऱ्याचे गुण घेतो. देणारी-घेणारी ती अभिक्रिया, आणि देवघेव भोवतालाशी, एवढं पक्कं झालं की पुरे. 'चुनखडी तापवावी लागते म्हणजे ती उष्मादायी, कारण आपण उष्णता देतो' हे चुकीचं उत्तर कर्ता बदलल्यामुळे येतं. रसायनशास्त्र कळत नाही म्हणून नव्हे.

उष्मा की ऊष्मा, याचंही सांगून टाकतो. संस्कृतात दोन्ही रूपं सापडतात, मूळ धातू 'उष्', म्हणजे जाळणे. आपलं 'ऊन पाणी'मधलं ऊनही 'उष्ण'वरूनच आलं. मराठीत ऱ्हस्व रूप रुळलंय, व्याकरणातही श, ष, स यांना आपण उष्मे म्हणतो. तेव्हा फळ्यावर 'उष्मा' लिहा.