झरा आटला शाहूवाडीत, अहवाल मात्र चंद्रपूरचा

प्रश्न : शाहूवाडी तालुक्यात आमची शेती आहे. वरच्या सड्यावर (डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर) बॉक्साइटची खाण सुरू झाली आणि मार्च २०२३ पासून झरा चैत्रातच आटतो, विहीरही तळ गाठते. चंद्रपूरला कोळसा खाणीत नोकरीला असलेल्या भाच्याने तिथला भूजल अहवाल पाठवलाय. त्यावर दावा ठोकू का?

उत्तर : तो अहवाल दाव्याला जोडू नका, तुमच्यावरच उलटेल. चंद्रपूरकडे कोळशाच्या वर वालुकाश्म आहे. त्याच्या कणाकणांत पाणी साठलेलं असतं. खाण त्या पातळीखाली गेली की पंप लावून उपसा करावाच लागतो, मग चहूबाजूंचं पाणी खाणीकडे ओढलं जातं आणि लांबच्या विहिरीही उतरतात. तुमच्याकडे वर जांभा, खाली काळा बेसॉल्ट. पाऊस जांभ्यात मुरतो, खालच्या चिकणमातीला अडतो आणि कड्याच्या पोटातून झरा फुटतो. खाणीने जांभाच उचलला तर पाणी मुरणार कुठे? इथे उपसा नाही, मुरण गेलीय. वालुकाश्माचे कागद दिलेत तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल, "आमचा पंप दाखवा."

दिवाणी कोर्टाची वाट अवघड आहे. १८८२ च्या सुविधाधिकार (जमीन-पाण्याच्या वापराचे हक्क) कायद्याच्या कलम ७ खालच्या उदाहरणांत, ठरावीक प्रवाहातून न वाहणारं जमिनीखालचं पाणी ज्याची जमीन त्याने घ्यावं, असं आहे. ओढ्याच्या पाण्याला मात्र संरक्षण आहे. म्हणून तुमच्या बांधातून वाहणारा झऱ्याचा ओहोळ महत्त्वाचा, पण झरा फुटण्याआधीच पाणी गेलं असा वाद होणारच.

त्यापेक्षा पुण्याचं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बरं. २०१० च्या कायद्याच्या कलम १५ खाली भरपाई आणि झऱ्याची पूर्वस्थिती, दोन्ही मागता येतं. मुदत दाव्याचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ५ वर्षं, म्हणजे तुमची मार्च २०२८ पर्यंत. दरवर्षी झरा आटतो म्हणून मुदत दरवर्षी नव्याने सुरू होते, या भ्रमात राहू नका.

आधी माहिती अधिकारात खाणीची पर्यावरण मंजुरी आणि सहामाही अनुपालन अहवाल (मंजुरीच्या अटी पाळल्या का, ते सांगणारा) मागवा. आसपासच्या विहिरींची पातळी मोजायची अट अशा मंजुरीत बहुधा असते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून तुमच्या भागातल्या निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदीही घ्या. आणि पंचनाम्यात नुसतं "विहीर कोरडी" लिहू देऊ नका. तलाठ्यासमोर दोरी सोडा, काठापासून पाणी किती फुटांवर ते तारखेसह लिहून घ्या. हेच मोजमाप दर महिन्याला तुम्ही स्वतः वहीत करत राहा, शेजाऱ्याची सही घेऊन.