ईएसबीएल पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच मेरोपेनेम नको

तासगावच्या ताई, तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे चार महिन्यांत तिसऱ्यांदा उन्हाळी लागली आहे. पहिल्यांदा मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिन आणलं, दुसऱ्यांदा सेफिक्झिम. दोन्ही वेळा तेवढ्यापुरतं बरं वाटलं. आता लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू, मिलिलिटरला एक लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह. ताप नाही, दिवस गेलेले नाहीत, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन नॉर्मल. रिपोर्टमधल्या औषधांच्या यादीत मेरोपेनेमपुढे एस (म्हणजे जंतूवर लागू पडतं) दिसतो, तर ते जोरकस इंजेक्शन घेऊन एकदाचं मिटवावं का, असं विचारताय.

नको. त्याच यादीत नायट्रोफ्युरांटॉइन आणि फॉस्फोमायसिन यांच्यापुढेही एस आहे, आणि दुखणं मूत्राशयापुरतंच असेल तर या दोघांपैकी एक पुरतं.

ईएसबीएल म्हणजे जंतू स्वतः तयार करतो ते एंझाइम. पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन औषधांच्या रेणूतलं कडं ते तोडून टाकतं, म्हणून सेफिक्झिम हरलं. नॉरफ्लॉक्सासिनचं कारण वेगळं: ते औषध जंतूत जिथं चिकटतं ती जागाच बदललेली असते. त्यामुळे सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही भावंडंही बहुधा त्याच्याबरोबर जातात. ईएसबीएलचं जनुक प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर असतं आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं. या जंतूंचं मूळ घर आपलं आतडं. प्रत्येक चुकीच्या कोर्सनं तिथले साधे जंतू मरतात, हे चिवट तेवढे उरतात आणि पुन्हा मूत्रमार्गात शिरतात. मेरोपेनेम विनाकारण घेतलं तर उरणारे त्यालाही दाद न देणारे असतील. उद्या जंतू किडनीपर्यंत जाऊन ताप आला, तर हाताशी काय राहील?

नायट्रोफ्युरांटॉइन 1953 पासून वापरात आहे आणि ई. कोलायवर अजून चांगलं चालतं. ते जंतूच्या आत जाऊन एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून त्यातून सुटणं जंतूला अवघड जातं. सावकाश विरघळणारी 100 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस, जेवणाबरोबर. चिठ्ठी मात्र डॉक्टरांचीच. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. एक गोष्ट हमखास चुकते: जळजळीसाठी सोबत डायसोडियम सायट्रेटचं सिरप दिलं जातं. त्यानं लघवी अल्कधर्मी होते आणि या गोळीचा जोर आम्लधर्मी लघवीत असतो. दोन्ही लिहून दिली असतील तर डॉक्टरांना जरूर विचारा. फॉस्फोमायसिन म्हणजे तीन ग्रॅमची एकच पुडी, पाण्यात विरघळवून, रात्री रिकाम्या पोटी, लघवी करून आल्यावर.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या, यांतलं काहीही सुरू झालं तर ही दोन्ही औषधं पुरत नाहीत. ती लघवीत साठतात, पण किडनीत पुरेशी उतरत नाहीत. त्याच दिवशी सांगली-मिरजेला दाखवा. इंजेक्शनची वेळ तेव्हा येते. किडनी कमजोर असेल, जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एंझाइमची जन्मजात कमतरता असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे आठवडे असतील, तर नायट्रोफ्युरांटॉइन चालत नाही. आणि रिपोर्टमध्ये प्रोटियस हा जंतू आला, तर त्यावर ते मुळातच लागू पडत नाही.

पुढच्या वेळचं कल्चर पहिली गोळी घेण्याआधी द्या, नाहीतर पू-पेशी दिसतात आणि वाढ मात्र शून्य. लॅबचीच निर्जंतुक डबी घ्या, धुतलेली औषधाची बाटली नको. जागा साध्या पाण्यानं धुवा, डेटॉल नको. सुरुवातीची धार सोडून द्या, मधली वीस-तीस मिलिलिटर घ्या, कडेला आतून बोट लावू नका. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि बर्फाच्या पिशवीबरोबर न्या. गरम लघवीत ई. कोलाय साधारण वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे एसटीत पिशवीत चार तास राहिलेल्या नमुन्याचा आकडा काहीच सांगत नाही. तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र आले तर बहुधा नमुना बिघडलाय. पुन्हा द्या, औषध सुरू करू नका.

मेडिकलवाल्यांनी चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम दिलं, हेही बरोबर नव्हतं. ते शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. 1 मार्च 2014 पासून डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव नोंदवहीत लिहावं लागतं.

चार महिन्यांत तीनदा म्हणजे साखर आणि सोनोग्राफी करायलाच हवी. सोनोग्राफीत खडा आणि लघवी झाल्यावर उरणारं पाणी, दोन्ही बघायला सांगा. द्राक्षाच्या विरळणीला दिवसभर बागेत असताना, आडोसा नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. कमी पाणी पिणाऱ्या बाईनं रोज दीड लिटर जादा प्यायलं तर हा त्रास जवळपास निम्म्यावर येतो, असं चाचणीत दिसलंय. मालकांशी बोलून बागेत आडोसा करून घ्या. कोर्सनंतर त्रास थांबला तर पुन्हा कल्चर करू नका. त्रास नसताना जंतू दिसले, तरी गरोदरपण किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन सोडल्यास त्यांना औषध लागत नाही.